तेलातलं कुंकू

नव्वदच्या आसपास धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर ग्लायडर क्लबचं एक पत्र्याचं हँगर होतं. तिथला सुतार, मिस्त्री, झाडूवाला सगळं मीच. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पंखाला आतून लाकडाच्या बरगड्या, पुढच्या कडेला पातळ प्लायवूड, वर कापड. कापड जुनं झालं की सोलून नवं चढवायचं. लाकडावर सोल्युशन लावून वाळू द्यायचं, वर कापड अंथरून गरम इस्त्री फिरवायची. उष्णता लागली की सोल्युशन कापडाला धरतं.

इस्त्री घरचीच होती. बायको वारल्यावर इस्त्रीला घरी काम उरलं नव्हतं.

हे काम खरं तर दोघांचं. साडीची घडी घालताना लागतं तसं समोरचं टोक धरायला कुणीतरी लागतं. आधीच्या खेपेला ती डबा घेऊन आली की टोक धरून उभी राहायची, वर गावभरच्या गोष्टी सांगायची. आता टोकाला मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावत होतो. क्लबातली मंडळी रविवारी येत. बाकी आठवडा मी आणि पत्र्यावरची कबुतरं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

त्या वर्षी डाव्या पंखाचं कापड एका ठिकाणी पोळीसारखं फुगलं होतं. सोलून पाहिलं तर लाकडावर पाच बोटं, लाल.

मागच्या खेपेला पंख असाच उघडा असताना खंडेनवमी आली होती. हत्यारांच्या पूजेला ती ताट घेऊन आली. पाण्यातलं कुंकू वाळून झडतं म्हणून ती नेहमी तेलात कालवायची. मी चिडवलं, "अगं, हा बैल नव्हे."

"वर जास ना? मंग खाले बी येवाले जोयजे," ती म्हणाली आणि पाची बोटं उमटवली.

तिच्यादेखत कोण पुसणार? मी वरूनच सोल्युशन फिरवलं. तेलावर ते धरत नाही हे ठाऊक होतं, पण म्हटलं, जागा ती केवढीशी.

आता मात्र पुसणं भाग होतं. कापड हवेत सुटलं तर आत बसलेलं कुणाचं तरी पोर जाणार. ते सुखरूप खाली यावं, हेच तर तिलाही हवं होतं.

घरी तिचा लग्नातला फोटो होता, मान खाली घातलेला. तिच्या हातचं असं दुसरं काहीच उरलं नव्हतं. थिनरची चिंधी घेतली, पण आधी बाजूला ठेवली. ठशांवर माझी बोटं ठेवून पाहिली. माझी जाड, तिची बारीक. रडलो, लपवायचं कुणापासून? मग करंगळीपासून सुरुवात केली. अंगठा शेवटी पुसला.

लाकूड वाळल्यावर सोल्युशन लावलं, कापड ताणलं, इस्त्री फिरवली. नखानं उचकटून पाहिलं, कुठेच सुटेना. या खेपेला कापड पक्कं बसलं. खाली काहीच नव्हतं.