परवानगीचं बटण

बारामतीच्या एका दूध कंपनीत बुद्धभूषण कॉम्प्युटरचा माणूस होता. हुद्द्याचं नाव भारदस्त होतं, काम मात्र साधं. कुठल्या संकलन केंद्रातलं मशीन रुसलं, की मोटरसायकलला किक मारायची आणि पणदरे, भिगवण नाहीतर इंदापूर गाठायचं. मशीन कसलं रुसतंय! बहुतेक वेळा कुणीतरी भलतंच काहीतरी दाबलेलं असायचं आणि पावत्या निघायच्या बंद झालेल्या असायच्या. दुरुस्ती चुटकीसरशी व्हायची. मग चहा, कुणाची गाभण म्हैस, कुणाच्या पोरीची सोयरीक. भिगवणचा श्रीपती तर उजनी धरणातली चिलापी मासळी पिशवीत घालून दिल्याशिवाय सोडायचा नाही. लोक म्हणायचे, बिचाऱ्याची फार धावपळ होते. लोकांना काय कळतंय.

बायको गेल्यापासून त्याच्या फ्लॅटमध्ये आवाज असायचा तो फ्रीजचा. मुलगी मेघना हैदराबादला नोकरीला होती. रविवारी फोन करून जेवलात का म्हणून विचारायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. पण माणसाला आठवड्याचे बाकीचे दिवसही असतात. ते बुद्धभूषण केंद्रांवर काढायचा.

मग मालकांच्या मुलानं, राजवर्धननं, कारभार हाती घेतला. एका माणसानं दोन तालुके पालथे घालायचे हे त्याला पटेना. बारामतीत खुर्चीवर बसून सगळी केंद्रं चालवता येतील असं सॉफ्टवेअर शोधा, म्हणाला. विकतचं नको, ओपन सोर्स बघा, आणि निवड तुम्हीच करा. थोडक्यात, स्वतःच्या फेऱ्या बंद करायचं काम बुद्धभूषणच्याच गळ्यात पडलं.

त्यानं ते इमानदारीनं केलं, हे सांगितलंच पाहिजे. एक सॉफ्टवेअर भिगवणच्या नेटवर्कवर गोठून बसायचं. दुसऱ्यात मराठी टाइप केलं की अक्षरांच्या जागी चौकोन उमटायचे. तिसरं उत्तम निघालं. त्याचा सर्व्हर आपल्याच ऑफिसात ठेवता येत होता, म्हणजे शेतकऱ्यांचा हिशोब परक्याच्या दारातून फिरून यायला नको. फुकटातल्या वस्तूचा भरवसा काय, असं राजवर्धननं विचारलंच. त्यावर बुद्धभूषणनं समजावलं, की याचा सगळा कोड उघडा आहे, कुणीही तपासून बघावा, म्हणून लपवाछपवी अवघड. राजवर्धनला ते पटलं.

राहिला एकच प्रश्न. समोरच्या कॉम्प्युटरवर शिरायचं कसं? कायमचा पासवर्ड ठेवला, तर तिकडं कुणी असो-नसो, इथून थेट उघडता येणार. दुसऱ्या पद्धतीत तिकडच्या पडद्यावर चौकट येते, आणि तिथल्या माणसानं परवानगीचं बटण दाबलं तरच आत जाता येतं. बुद्धभूषणनं दुसरी पद्धत निवडली. न विचारता कुणाच्या मशीनमध्ये शिरणं बरं नव्हे, उद्या पासवर्ड भलत्याच्या हाती लागला तर काय, असं त्यानं सांगितलं. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. बटण दाबायला माणूस लागतो, आणि माणसाला बोलवायला फोन करावा लागतो, हे त्याच्या पोटात होतं.

काही महिने बरे गेले. तो फोन लावायचा, तिकडचा माणूस हात पुसत यायचा, बटण दाबायचा आणि दाबता दाबता चार गोष्टी सांगायचा. चिलापी गेली, पण बोलणं राहिलं.

पण आपली माणसं सायबाला तसदी देतील तर शपथ. श्रीपतीनं सेटिंगमध्ये शोधाशोध केली, कायमचा पासवर्ड ठेवला आणि बुद्धभूषणला कळवून टाकला. सायबानं दर वेळी आपल्यापुढं हात जोडायचे, हे त्याला बरं वाटेना. त्याचं बघून इंदापूरवाल्यांनीही तेच केलं. राजवर्धनच्या कानावर गेलं तेव्हा तो खूश झाला आणि सगळ्याच केंद्रांना तसं करायला सांगितलं. आता बुद्धभूषण कुठल्या तोंडानं नको म्हणणार? त्यानं पासवर्ड जरा अवघड ठेवा एवढंच सांगितलं.

एकट्या पणदऱ्याच्या सरुबाई बधल्या नाहीत. न विचारता कुणी शिरायचं न्हाय, मग ते घर असू दे न्हायतर मशीन, असं त्यांनी ठणकावलं. बुद्धभूषणला त्यांचा हा हट्ट फार आवडला. त्याचा फोन आला की दुधाची रांग सोडून त्यांना उठता यायचं नाही. मग फोन स्पीकरवर टाकून त्या टेबलावर ठेवायच्या. बारामतीत बुद्धभूषण ऐकत बसायचा. कॅन आपटायचे, फॅटवरून कुणीतरी वाद घालायचं, सरुबाई त्याला झापायच्या. रांग संपेपर्यंत तो ऐकायचा, आणि रांग लांब असली की मनातून त्याला बरं वाटायचं.

एका सकाळी पणदऱ्याच्या पावत्या अडकल्या. त्यानं फोन लावला. सरुबाईंनी तो टेबलावर ठेवला नाही, कानालाच धरला.

"सायेब, आता ताटकळायला नगं. सूनबाईनं पासवर्ड टाकलाय, तुमाला धाडलाय बगा. रांग संपस्तवर तुमी तिकडं कान लावून बसायचा, मला लई वंगाळ वाटायचं."

बरं केलंत, असं तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पासवर्ड टाकून त्यानं पणदऱ्याचा पडदा उघडला, अडकलेली पावती मोकळी केली. काम संपलं, तरी फोन ठेववेना.

"आज दूध किती आलं, सरुबाई?"

"आता काय सांगू? तुमाला तर सगळं दिसतंय की," त्या हसून म्हणाल्या, आणि रांग खोळंबली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खरंच, सगळं दिसत होतं. गायीचं वेगळं, म्हशीचं वेगळं. रांगेतल्या पुढच्या माणसाचं नाव आलं, त्याचं दूध चढलं, पावती निघाली. मग त्याच्या मागच्याचं.