नाद विरला की

सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चटयांवर डोळे मिटून पडलो होतो. साउंड थेरपीच्या ताईंनी काशाच्या वाडग्यावर हलका ठोका दिला. "नाद पूर्ण विरला की हात वर करा."

मी डोळे किलकिले केले. एकेक हात वर होत गेला. शेजारच्या चटईवरच्या काकूंचा उठलाच नाही.

"बघा, याला म्हणतात एकाग्रता!" ताई म्हणाल्या.

चपला घालताना काकू हळूच मला म्हणाल्या, "अगं, हे गेले तेव्हापासून माझ्या कानात सारखं वाजतंय. डॉक्टर म्हणतात, सवय करून घ्या. वाटलं, इथे तरी थांबेल."

नाद गोड वाटतो तो विरतो म्हणून. जो विरतच नाही, तो उशाशी घेऊन माणूस झोपत कसा असेल?

पुढच्या रविवारी ताई सगळ्यांना म्हणाल्या, "काकूंसारखं ऐका." काकूंनी निमूटपणे डोळे मिटले.