देवाची तहान

कटाच्या आमटीला उकळी फुटली की त्या वासाबरोबर मला मुलुंडचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवतं. पंचावन्न साल असेल. पाडव्याचा दिवस होता, खिडकीतून मिठागरांवरचा गरम वारा येत होता आणि शेगडीवर आमटी रटरटत होती. नैवेद्य दाखवण्याआधी काहीही चाखायचं नाही, हा मामंजींचा दंडक. मी आमटीत मीठ घातलं आणि तान्हा रडला म्हणून उठले. तेवढ्यात जावेनं, माझं राहिलं असेल असं समजून, पुन्हा घातलं. नैवेद्य झाला, पानं वाढली. मामंजींनी पहिला भुरका घेतला आणि ते थांबले. पानात टाकणं त्यांना ठाऊकच नव्हतं, म्हणून मान खाली घालून ते भात कालवत राहिले. माझी चार वर्षांची लेक मात्र एक घास खाऊन तडक उठली आणि आपलं पाण्याचं फुलपात्र घेऊन देवांकडे निघाली. "अगं, भरल्या पानावरून उठतेस काय?" मी दटावलं. "देवबाप्पा आधी जेवलाय ना! त्याला केवढी तहान लागली असेल!" मामंजींना हसता हसता ठसका लागला. "त्याचं झालं की मलाही आण गं," ते कसेबसे म्हणाले. यंदाच्या पाडव्याला तीच लेक, आता स्वतः आजी झालेली, गॅसपाशी उभी होती. माझ्यापुढे पळी धरून म्हणाली, "आई, मीठ बघ ना जरा." "आधी नैवेद्य," मी म्हटलं, आणि देवापुढे पाण्याचं फुलपात्र काठोकाठ भरून ठेवलं.