निघूनच राहिलो

नागपूरच्या महाल भागातले मधुसूदनराव सुभेदार एकदा घराबाहेर पडले की पोचायचं नाव घेत नाहीत, असं त्यांच्या घरी म्हणतात आणि ते काही फार खोटं नाही. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी ते स्कूटर काढतात. कुठे, तर सीताबर्डीला. कशाला, तर कधी कोथिंबीर, कधी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल. महालात कोथिंबीर मिळत नाही असं कुणी समजू नये, ढिगानं मिळते. पण महालात घेतली तर बडकस चौकातला पानठेला, पुढचा तर्री-पोह्यांचा गाडा, मग गांधीसागरजवळचा चहा आणि सीताबर्डीतला पट्टे-पाकिटांचा ठेला ही मंडळी वाटेत कशी लागणार?

बरं, हे सगळं करताना ते कुठे थांबतात म्हणावं, तर तेही नाही. थांबला म्हटलेलं त्यांना खपत नाही. ते गाडीवरून उतरत नाहीत, स्टँड लावत नाहीत. पेट्रोल जळू नये म्हणून हँडलवरच्या बटनानं इंजिन तेवढं बंद करतात, एक पाय जमिनीवर टेकवतात, ब्रेक मुठीत आवळून धरतात आणि म्हणतात, "निघूनच राहिलो," म्हणजे हे काय, निघतोच आहे. मग अर्धा तास जातो. सुभेदारांचं निघणं हे असं असतं.

तर या स्कूटरचं गेल्या महिन्यापासून बिनसलं होतं. बटन दाबलं की नुसतं टक व्हायचं. हॉर्न बकरीच्या पिलासारखा म्यें करायचा. मधुसूदनराव किक मारमारून गुडघा धरून बसायचे आणि बॅटरीवाल्याच्या नावानं बोटं मोडायचे. एकदा भर बाजारात, मागे प्रेमलताबाई आणि त्यांच्या मांडीवर फुलकोबीची पिशवी अशा अवस्थेत गाडीनं मान टाकली, तेव्हा बाईंचा पारा चढला.

"हे पाहा," प्रेमलताबाई घरी येऊन म्हणाल्या, "रविवारपर्यंत गाडी सुधरली तं ठीक. नाही तं मी पुष्करले देऊन टाकते. त्याले वाडीच्या गोदामात कामाले जायले गाडी पाह्यजेच आहे. तुम्ही मेट्रोनं जात जा."

पुष्कर हा त्यांचा भाचा. पोरगा चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. पण मेट्रो! मेट्रोत एसी असतो, बसायला जागा असते, सगळं खरं. पण ती ओळखीच्या सगळ्या माणसांच्या डोक्यावरून निघून जाते. वरून पानठेल्यावर उभा असलेला दोस्त मनोहर दिसेल आणि त्याला साधं "काय गा" म्हणता येणार नाही, हे काय जगणं झालं? त्या रात्री मधुसूदनरावांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विक्की मेकॅनिकच्या गॅरेजात तळ ठोकला. विक्कीनं बॅटरी नवी टाकून दिलेलीच होती, तीही बसली होती. आता त्यानं मीटर लावून पाहिलं. गाडी चालू करून रेस दिली की आकडा चौदा व्होल्टवर जायचा, म्हणजे चार्जिंग बरोबर होतं. तरी त्यानं रेग्युलेटर बदलून पाहिला आणि जुनाच परत लावला. कॉइल तपासली. अर्थिंगची वायर घासून पुन्हा आवळली. चावी बंद करून कुठे करंट गळतो का तेही पाहिलं.

"चावी बंद असली का एक थेंब करंट नाही जात, काका," विक्की हात पुसत म्हणाला. "गाडी एकदम फिट आहे."

"मंग बॅटरी काहून उतरून राहिली?"

"थेच तं समजून नाही राहिलं."

मधुसूदनरावांनी कंपनीवर संशय घेतला, पेट्रोलवर घेतला, खड्ड्यांवर घेतला, दमट हवेवर घेतला. नागपुरात, ऐन एप्रिलमध्ये, दमट हवा! शेवटी शनिवारी विक्कीनं एक युक्ती काढली. पायदानाखालच्या बॅटरीपासून दोन लांब वायरी काढून त्यानं मीटर त्यांच्या हातात दिलं. नेहमीच्या रस्त्यानं नेहमीसारखंच फिरा, म्हणाला, आणि मागे कुणीतरी बसून आकडा वाचत राहा; कुठे उतरतो ते दिसेल.

मागे बसायला घरात एकच माणूस होतं. प्रेमलताबाईंनी पदर खोचला आणि मीटर मांडीवर घेऊन बसल्या.

"चौदा!" गल्लीच्या तोंडाशीच त्या ओरडल्या. "चौदा! चौदाच आहे हो!"

गाडी चालली होती तोवर चौदाच होता. बडकस चौक आला. पानठेल्यावर मनोहरराव तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेत उभे होते. मधुसूदनरावांनी इंजिन बंद केलं, पाय टेकवला, ब्रेक आवळला.

"निघूनच राहिलो गा मनोहर," ते म्हणाले आणि मनोहररावांच्या जावयानं काटोलला घेतलेल्या संत्र्याच्या बागेत शिरले. तिथून लवकर बाहेर पडायची चिन्हं नव्हती.

"बारा पॉइंट तीन," मागून आवाज आला.

मनोहररावांनी काळजीनं पाहिलं. "याचं हिमोग्लोबिन का, वहिनी? बारा म्हणजे बेस्ट आहे. माह्यं तं दहावरच अटकलं."

"बारा," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"आत्ता तं बारा पॉइंट तीन होतं!" मनोहरराव म्हणाले.

"थे जाऊ दे," मधुसूदनराव म्हणाले. "मंग बागेले पाणी कुठून देतो म्हणे तुहा जावई?"

पाण्याचा विषय निघाला, विहिरीचा निघाला, विहिरीवरच्या मोटरचा निघाला. प्रेमलताबाई आकडे म्हणत राहिल्या, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा लहान. मनोहरराव बिचारे मधुसूदनरावांच्या चेहऱ्यावर फिकेपणा शोधू लागले. तेवढ्यात मागे केव्हापासून खोळंबलेल्या एका ऑटोवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"अरे काका, मुडना है या नहीं? कब से इंडिकेटर दे रहे हो!"

प्रेमलताबाईंनी वाकून पाहिलं. उजवा इंडिकेटर टिकटिक करत होता. मागचा ब्रेकचा लाल दिवा ढणढण जळत होता, कारण ब्रेक मुठीत होता. इंजिन बंद, पण चावी चालू होती; म्हणजे हे सगळं बॅटरीच्याच जिवावर चाललं होतं. इतक्या वर्षांत ही टिकटिक त्यांच्या कानांवरून किती वेळा गेली असेल, पण ती ऐकायची असते हे कधी सुचलं नव्हतं.

त्यांनी हात पुढे घातला, चावी फिरवली आणि काढून घेतली. मीटरवरचा आकडा हळूच थोडा वर सरकला.

"काहून वं? आपण तं निघूनच राहिलो ना!" मधुसूदनराव दचकून म्हणाले.

"निघून राहिलो म्हणून इंडिकेटर, निघून राहिलो म्हणून ब्रेक, निघून राहिलो म्हणून चावी चालू. आन निघायचं कोणी?" प्रेमलताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "थे बॅटरी महिनाभरात थकली, तं नवी आणली, तिले मेकॅनिक दाखवला, मीटर लावलं. मी लग्न झाल्यापासून मागं बसून राहिली. मले कोणी मीटर लावलं नाही."

मनोहरराव एकाएकी खर्ऱ्याची पुडी फार बारकाईनं पाहू लागले. मधुसूदनरावांना लाज वाटली, अगदी खरीखुरी. घरी जाईपर्यंत ते कुणाशीच बोलले नाहीत. रस्त्यात तिघांनी हाका मारल्या आणि संध्याकाळी ते तिघंही तब्येतीची चौकशी करायला घरी आले.

रविवारी पुष्कर हेल्मेट घेऊनच हजर झाला. विक्कीनं रात्रभर चार्ज करून आणलेल्या बॅटरीवर गाडी पहिल्याच बटनाला सुरू झाली आणि हॉर्न असा वाजला की पुष्करच दोन पावलं मागे सरला. मधुसूदनराव बायकोच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले.

"गाडी राहू द्या," प्रेमलताबाई शेवटी म्हणाल्या. "पण जिथं टेकाल तिथं चावी माह्याजवळ."

पुष्करला तर्री-पोहे खाऊ घालून बसनं परत पाठवलं. मग दोघं कोथिंबीर आणायला सीताबर्डीला निघाले. वाटेत मधुसूदनरावांनी सगळ्यांना नुसते हात केले. व्हरायटी चौकाजवळ इंदुताई दिसल्या, प्रेमलताबाईंची शाळेतली मैत्रीण. प्रेमलताबाई उतरल्या, चावी काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि बोलायला लागल्या. शाळेपासूनच सुरुवात झाली.

मधुसूदनराव एक पाय टेकवून बसले. ऊन चढत होतं. सवयीनं त्यांनी उजव्या इंडिकेटरचं बटन सरकवलं, पण काहीच टिकटिकलं नाही.

"निघायचं का वं?"

"निघूनच राहिली!"

पुढच्या सीटवर ऊन आलं तेव्हा ते मागच्या सीटवर सरकले. तिथे सावली होती. थोड्याच वेळात ते चुळबुळ करू लागले. मागची सीट इतकी टणक आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, तेव्हा ते बोलत असतील.