खर्र्याची पुडी
परवा पुसदच्या बसस्टँडवर पानठेलेवाला पन्नीत खर्रा घोटत होता. ओल्या तंबाखूचा अन् चुन्याचा वास नाकात शिरला आणि मला गावातली ती सून आठवली. मी तेव्हा गावात आशा सेविका म्हणून नवीनच लागले होते. ती सातव्या महिन्यात होती, तरी कापूस वेचत होती. गाल फुगलेला, कमरेच्या फडक्यात खर्र्याची पुडी. "पोटात लेकरू आहे, काहून खातं वं?" मी रागानंच विचारलं. ती बांधाकडं थुंकली आणि हळूच म्हणाली, "ताई, तोंडात खर्रा असला की कोणाले जवाब द्या लागत नाही." मला तो बहाणा वाटला. मी पुडी हिसकली आणि पलीकडच्या ओळीत वेचणाऱ्या तिच्या सासूच्या हातात नेऊन दिली. सासू सगळ्या बायांसमोर तिला बोलत राहिली, ती मान खाली घालून वेचत राहिली. त्यानंतर ती तपासणीला आलीच नाही. घरी गेले की सासूच दारात यायची, "खर्रा सोडला तिनं." लेकरू फार लहान जन्मलं, आठवडाभरही राहिलं नाही. तंबाखूचे दुष्परिणाम आज मला तोंडपाठ आहेत. पण तिला घरात कोण काय विचारत होतं, तेवढं मी त्या दिवशी विचारलं नाही.