न सांगितलेला वारा

आमच्या तान्ना बेटावर ‘पाऊस येणार’ असं कोणी म्हणत नाही. ‘पाऊस कोणी काढला?’ असं विचारतात. पावसाचं घराणं वेगळं, उन्हाचं वेगळं, वाऱ्याचं वेगळं. ज्याचं जे घराणं त्याच्याकडे त्याचे दगड. ते धुऊन, पाल्यात गुंडाळून त्यांच्याशी बोललं की हवा पालटते, हे आम्ही कळायला लागल्यापासून ऐकतोय. कोनफळाच्या वेलांना पाणी हवं असलं की पावसाच्या घरी कोंबडी न्यायची, आणि पाणी फार झालं की त्याच घरी जाऊन भांडायचं. सोयीचंच होतं म्हणा. इतर ठिकाणी लोक आभाळाला शिव्या देतात, आमच्याकडे शिव्या द्यायला शेजारी होता.

मी लग्न होऊन आले ती वाऱ्याच्या घरात. माझा नवरा योलू धाकटा. थोरले माझे भावजी नाउपा, जे गेल्या वर्षी वारले. दगड थोरल्याकडे जातात, म्हणून सासऱ्यांच्या मागे ते भावजींकडे आले. आणि योग बघा, त्याच सुमाराला सरकारने हवामानाच्या नोंदी घ्यायला माणूस शोधला तोही तेच. मिशनच्या शाळेत शिकलेले, अक्षर सुबक, आणि दिलेली वेळ कधी चुकवायचे नाहीत.

त्यांच्या अंगणात चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी आली, फटीफटींच्या दाराची. आत तापमापक. शेजारी पाऊस मोजायची नळी, खांबावर वाऱ्याने गरगरणाऱ्या वाट्या, आणि घरात हवेचा दाब दाखवणारं काट्याचं यंत्र आणि राजधानीशी बोलायचा वायरलेस. तेव्हा मोबाईल नव्हते, गावातला रेडिओ बॅटरीवाचून मुका. गावाने ती पेटी पाहिली आणि ठरवून टाकलं की म्हाताऱ्याचे दगड आता यात ठेवलेत.

“नाउपा, रोज सकाळी पेटी उघडून काय पुटपुटतोस रे?” शेजारची म्हातारी विचारायची.

“आकडे वाचतो, काकी.”

“हां, हां. तुझा बापही आकडेच वाचायचा.”

खरे दगड घरातच होते, छपराच्या वाशाला टांगलेल्या टोपलीत. भावजी त्यांना हात लावत नसत, पण टाकूनही देत नसत. तुमचा विश्वास आहे का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही, मी त्यांचं कशाला करू?”

हवा कशी बनते ते मला त्यांनीच शिकवलं. मी अळकुड्या उकडत बसले होते. ते भांड्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हे बघ सेरा. वाफ वर चाललीय. झाकणाला लागली की गार होते आणि थेंब होऊन पडते. आपला डोंगर म्हणजे झाकण. समुद्रावरून आग्नेयेचा वारा ओला होऊन येतो, डोंगर चढतो, गार होतो, आणि पाणी आपल्या अंगावर सांडून रिकामा पलीकडे जातो. म्हणून पलीकडचे लोक सदा कोरडे, आणि उन्हाच्या घराण्याला शिव्या घालतात.”

“आणि वादळ?”

“उन्हाळाभर समुद्र या भांड्यासारखा तापतो. वाफेच्या ढगांचे डोंगर उठतात, वर चढलेल्या हवेची जागा खाली ओस पडते, ती भरायला चारी बाजूंनी वारा धावतो. पण पृथ्वी फिरतेय ना, मग तो सरळ पोचतच नाही, गोल फिरत राहतो. तापलेलं पाणी मिळेल तोवर माजतो. आणि मधोमध एक जागा असते, तिथे पानही हलत नाही.”

“मग यात तुमचे दगड कुठे आले?”

“चुलीला तीन लावलेत ना, ते काय आहेत?” असं म्हणून ते स्वतःच खूप हसले. असा माणूस होता.

पण गावाला भांडं आणि झाकण कोण सांगणार? वायरलेसवर बातमी आली की भावजी संध्याकाळी वडाखाली, जिथे पुरुष कावा, म्हणजे एका झाडाच्या मुळांचा गुंगी आणणारा रस, प्यायला बसतात, तिथे जाऊन सांगायचे, “परवा वादळ येतंय. छपरांवर दोर टाका, होड्या वर ओढा, कोनफळं आत घ्या.” गाव मुकाट्याने सगळं करायचं. दोर टाकलेली छपरं वाचायची, माणसं वाचायची. आणि वादळ सरलं की गाव भावजींना बोलावून दंड करायचं, एक डुक्कर आणि कावाचं एक झाड. आम्हा बायकांना वडाखाली जायची बंदी, पण आवाज आमच्या घरापर्यंत येतात, आणि जे येत नाही ते माझ्या जावेचा, राहेलचा, भाऊ तिखटमीठ लावून सांगतो.

“तू आधी सांगितलंस,” गावप्रमुख यावुस म्हणायचा. “तुला आधी कसं कळलं?”

“राजधानीतून सांगितलं.”

“त्यांना कोणी सांगितलं?”

“आम्ही बेटाबेटांवरून आकडे कळवतो, त्यावरून ते काढतात.”

“म्हणजे तूच त्यांना सांगतोस, आणि ते तुला सांगतात. मग वारा कोणाचा रे?”

सगळे हसायचे. नऊ वर्षांत सहा वादळं सांगितली आणि सहा डुकरं गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर हाताला लागणारच नव्हता. सहावं डुक्कर राहेलने मुलीच्या लग्नासाठी पोसलं होतं, चांगलं वळलेल्या सुळ्यांचं. त्या दिवशी ती पाणवठ्यावरून रडत आली आणि भावजींना म्हणाली, “आता एक शब्द काढलात तर मी माहेरी जाते. तुमच्या पेटीशीच संसार करा.”

मीही तिथे होते. मला वाटलं, आपण शहाणपणाचं काही सांगावं. मी म्हणाले, “भावजी, एवढं कळतं तर जरा उशिरा सांगा. वारा सुटल्यावर सांगितलं तर तुम्ही आणला असं कोण म्हणेल?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. हे माझं बोलणं लक्षात ठेवा. मी ते विसरलेले नाही.

पुढच्या मार्चमध्ये उत्तरेच्या बेटांकडे एक वादळ उठलं. ते पोचायच्या आदल्या संध्याकाळी वायरलेसवर निरोप होता की बहुतेक पश्चिमेकडून लांबून जाईल, पण लक्ष ठेवा. भावजी वडाखाली गेले, कावा प्याले आणि काही न बोलता घरी आले.

आमच्या समुद्रात हवेच्या दाबाचा काटा रोज सकाळी दहापर्यंत चढतो, दुपारी चारपर्यंत उतरतो, रात्री परत चढतो. माणसाच्या श्वासासारखं ते ठरलेलं आहे. त्या सकाळी नऊ वाजता काटा चढायच्या ऐवजी उतरत होता. भावजींनी तो आकडा वहीत लिहिला, राजधानीला कळवला, आणि दारात येऊन उभे राहिले. तेवढ्यात योलू खांद्यावर वल्हं टाकून निघाला. मी मागून त्याची शिदोरी घेऊन येत होते.

“दादा, समुद्र कसा आहे?”

“चांगला आहे,” भावजी म्हणाले.

“लाटा लांब लांब येतायत पण.”

“उतरतील.”

“मग संध्याकाळी मोठा मासा आणतो. वहिनीला म्हणावं भांडं घासून ठेव, आणि आंबट तोंड जरा गोड कर.”

मी शिदोरी त्याच्या हातात दिली. केळीच्या पानातलं कोनफळ होतं, अजून गरम. तो उताराने गेला. त्याची उलांडीची होडी, बाजूला तोल सांभाळणारं लाकूड बांधलेली, खडकांच्या रांगेपलीकडे जाताना मी पाहिली आणि घरी येऊन झाडू मारला. आता सांगताना सुद्धा मला त्या झाडूचा राग येतो.

अकराच्या सुमाराला भावजी माझ्या दारावरून किनाऱ्याकडे पळत गेले. हातात होड्यांना परत बोलवायचा शंख होता. ते पाण्यात कमरेपर्यंत उतरून फुंकत राहिले. होडी दिसत नव्हती. दुपारपर्यंत पावसाच्या सरींवर सरी आल्या, वारा फांद्या मोडू लागला, आणि मग गावाला सांगायचं काही उरलंच नाही. आम्ही सगळे मिशनच्या दगडी देवळात शिरलो.

तिन्हीसांजेला वारा एकदम थांबला. वर आभाळ निळं झालं. कोणीतरी ओरडलं, “नाउपाने वारा खाली ठेवला!” बायका त्यांचे हात धरायला लागल्या. मी दार उघडून समुद्राकडे धावले. योलू कुठल्यातरी खडकाआड असेल, आता येईल, असं मला वाटत होतं. भावजींनी मागून येऊन माझा दंड धरला.

“सेरा, आत चल. हा मधला डोळा आहे. वारा आता उलट्या बाजूने येईल.”

मी त्यांच्या हाताला चावले. रक्त आलं. त्यांनी हात सोडला नाही, ओढत आत नेलं आणि सगळ्यांना ओरडून दार लावायला सांगितलं. अर्ध्या तासात वारा दुसऱ्या अंगाने आला आणि अर्धं छप्पर घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी होडीची उलांडी किनाऱ्याला लागली. योलू सापडला नाही.

नेहमीप्रमाणे गाव वडाखाली जमलं. यावुस म्हणाला, “या वेळी नाउपाचा काही दोष नाही. त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता. न बोलता कोणी वारा करतो का? त्याचा तर भाऊ गेला.” आणि गावाने भावजींनाच एक डुक्कर दिलं, दुखवट्याचं. ज्याने सहा वेळा माणसं वाचवली त्याला सहा वेळा दंड, आणि सातव्या वेळी हे.

भावजी उभे राहिले आणि म्हणाले, “मला माहीत होतं. सकाळी नऊला माहीत होतं. मी भावाला समुद्र चांगला आहे असं सांगितलं. मला दंड करा.”

“दुःखाने बरळतोस तू,” यावुस म्हणाला. “बस. कावा पी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं डुक्कर नेऊन वडाला बांधलं. संध्याकाळी कोणीतरी ते सोडून परत त्यांच्या अंगणात आणून बांधलं. त्यांनी पुन्हा नेलं, ते पुन्हा आलं. असं तीनदा झालं. पोरं हसायला लागली. राहेलने जेवण टाकलं. भावजी वेळच्या वेळी पेटी उघडत आणि आकडे लिहीत.

नंतर एका सकाळी ते डुक्कर घेऊन माझ्या दारात आले. चावल्याची खूण हातावर अजून काळी होती.

“गाव घेत नाही,” ते म्हणाले. “तू तरी घे.”

मला त्यांचा राग होता. किती, ते सांगता येत नाही. योलूने विचारलं होतं, सरळ विचारलं होतं, आणि दोन शब्दांत माझा संसार बुडाला होता. मी दोर त्यांच्या हातातून घेतला. मी म्हणाले, “घेते. दंड म्हणून घेते. दुखवटा म्हणून नाही.”

ते तिथेच मातीत बसले आणि मोठ्याने रडले. इतके दिवस त्यांना रडायलाही कोणी दिलं नव्हतं. बिचाऱ्याचा गुन्हा कोणी मान्यच करत नव्हतं.

मी त्यांचं डुक्कर खुंट्याला बांधलं. मग गोठ्यामागे गेले, माझी डुकरीण सोडली, योलूने पिल्लू असल्यापासून वाढवलेली, आणि तिचा दोर भावजींच्या हातात दिला. आमच्याकडे भांडण मिटतं ते असंच, दोन्हीकडून डुक्कर दिलं की. एकाच बाजूने दिलं तर तो नुसता दंड राहतो.

“तू कशाला?” ते म्हणाले.

“उशिरा सांगा, असं कोण म्हणालं होतं?”

त्यांनी नजर वर केली नाही. म्हणजे तेही विसरले नव्हते. एवढ्या दिवसांत वडाखाली, राहेलपाशी, कोणापाशीही त्यांनी माझं नाव काढलं नव्हतं. बराच वेळ ते दोर बोटाला गुंडाळत बसले, मग उठले आणि डुकरिणीला घेऊन गेले.

पुढल्या जानेवारीत पुन्हा वादळ उठलं. भावजींनी दोन दिवस आधी वडाखाली जाऊन सांगितलं, आणि घरोघर फिरूनही सांगितलं. लोकांनी शिव्या दिल्या, दोर टाकले, होड्या वर ओढल्या. वादळ आलं आणि गेलं. यावुसने दंड केला. भावजी दुसऱ्याच सकाळी ती डुकरीण घेऊन माझ्या दारावरून वडाकडे गेले. मी दारातच होते. त्या वादळात गावात कोणी मेलं नव्हतं.