देवघराची भिंत

"तुम्हाला पार्किन्सन्स आहे," नारायणगावच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि लगेच त्यांनी विचारलं, "संडास घरात आहे की बाहेर?"

मला राग आला. आजार मेंदूचा आणि ही बाई संडासाच्या चौकशा करतेय. आता मॅडमचा राग येत नाही. बाकी सगळ्यांचा येतो.

पार्किन्सन्स म्हणजे हालचाली सांभाळणारं मेंदूतलं एक रसायन कमी पडत जातं. हात थरथरतात, अंग आखडतं, पावलं तोकडी पडतात. पीठ चाळताना माझा उजवा हात कित्येक महिने थरथरत होता. त्यावर आमच्या भावकीत प्रत्येकाकडे निदान तयार. कोणी म्हणे अशक्तपणा, कोणी म्हणे नवरा गेल्याचा धसका. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून या, अंग मोकळं होईल, असंही एकीने सुचवलं. तिचे गुडघे दुखायला लागले की मीही तिला हाच सल्ला देणार आहे.

मॅडमनी आणखी एक शब्द सांगितला, फ्रीझिंग. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडकतात. दारात, उंबऱ्यापाशी आणि वळताना जास्त. "गोळ्या मी देते," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला आजाराआधी घर पाडेल. आधी घर नीट बघा."

माझा मुलगा संदीप शेजारीच बसला होता. "मग आई, तू भोसरीलाच चल," तो म्हणाला. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. तिथे मी राहून आलेय. सकाळी सगळे कामाला गेले की मी आणि टीव्ही. मी नाही म्हणाले. मला माझ्या घरातच म्हातारं व्हायचं होतं.

आणि ते घर तरी कसं? ओझरच्या अलीकडे, तिन्ही बाजूंनी ऊस. लोकांना दाखवायला गुळगुळीत फरशी, पाणी सांडलं की पाय गेलाच. ओट्याच्या पायऱ्यांना धरायला काही नाही. संडास परसात, कारण देवाच्या घरात तो चालत नाही. आणि आमच्याकडे उसात बिबट्या फिरतो, म्हणून पडवीला लोखंडी जाळी. दिवेलागणीला जाळीला कुलूप. म्हणजे मी आत आणि संडास बाहेर. थरथरत्या हातांनी कुलूप उघडून बघा, म्हणजे कळेल.

मॅडमचं कोणी मनावर घेतलं नाही. दिवाळीनंतर बघू, असं ठरलं.

दिवाळी यायच्या आधीच एका संध्याकाळी मी घाईने परसात निघाले. जाळीच्या दारात पाय अडकले आणि अंग पुढे गेलं. खुब्याचं हाड मोडलं.

मंचरच्या दवाखान्यात हेमिआर्थ्रोप्लास्टी केली, म्हणजे खुब्याचा मोडलेला गोळा काढून धातूचा बसवला. ऑपरेशनचं फार काही वाटलं नाही. सुनेने बेडपॅन दिला तेव्हा मात्र मी तोंड भिंतीकडे करून रडले. भेटायला येणारे मोसंबी आणायचे आणि "जपायचं ना!" म्हणायचे. एकानेही तुझं घर कसं आहे, असं विचारलं नाही.

घरी सोडायच्या आधी हाडांचे डॉक्टर संदीपला म्हणाले, "कमोड आत करा, धरायला दांडे लावा. जमत नसेल तर यांना तुमच्याकडे न्या. पुन्हा पडल्या तर अवघड आहे."

गवंडी घर बघून आला. माझ्या खोलीला लागून एकच जागा होती, संडासाची टाकीही त्याच भिंतीमागे. त्या जागेवर देवघर होतं.

माझे धाकटे दीर, नाना भावजी, दवाखान्यात माझ्या खाटेशी उभे होते. ते उसळलेच. "वैनी, देवाच्या जागंवर संडास? भावकी तोंडात शेण घालंल आमच्या!"

संदीपने मान खाली घातली. "मग भोसरीच," तो पुटपुटला.

"भावजी," मी विचारलं, "देवाला संडासला जावं लागतं का?"

"काय आभद्र बोलताय!"

"मला लागतं. देव हलवा."

वॉर्डातली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. बघू देत.

देव बैठकीत आले, टीव्ही होता त्या पूर्वेच्या भिंतीवर. टीव्ही माळ्यावर गेला. देवघराच्या जागी कमोड बसला, खडबडीत फरशी आली. माझ्या खोलीपासून तिथपर्यंत जमिनीवर पिवळ्या आडव्या पट्ट्या आहेत. फ्रीझिंगमध्ये पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो, हेही मॅडमनीच शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरात कोणी थरथरायला लागलं असेल, तर सल्ले नंतर द्या. आधी त्यांच्या खाटेपासून संडासापर्यंत त्यांच्याच चालीने चालून बघा.

नाना भावजी महिनाभर फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले, देवाला हात जोडले आणि तिथेच घुटमळत राहिले.

"गुडघं लई दुखत्यात, वैनी. खाली बसवत न्हाई आता."

तेव्हापासून ते रोज सकाळी देवदर्शनाला येतात आणि आधी पिवळ्या पट्ट्यांवरून आत जातात. मी जाऊ देते. फक्त दाराशी रोज विचारते, "भावजी, भावकी काय म्हणेल?"